रॉइसची तांब्याची चौकट

अमेरिकेतल्या डुलुथमध्ये आम्हा मंडळींचा शनिवार डुएनच्या गॅरेजात जायचा. जानेवारीत बाहेर हाडं गोठवणारी थंडी, तरी गॅरेजचं दार सताड उघडं. थंडी आम्हाला हवीच असायची. कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा कॉम्प्युटरचा प्रोसेसर जास्त पळवायचा, हा आमचा नाद. पळवला की तो तापतो, आणि फार तापला की मेला. बायका आम्हाला वेडे म्हणत. काही चूक म्हणत नव्हत्या.

त्या काळी प्रोसेसरचा गाभा उघडाच असे, नखाएवढा आणि काचेसारखा ठिसूळ. त्यावर उष्णता ओढून घेणारा तांब्याचा जड कूलर ठेवून त्याची क्लिप स्क्रूड्रायव्हरने दाबायची. कूलर जरा कलला की गाभ्याचा कोपरा उडालाच. म्हणून गाभ्याभोवती तांब्याच्या पत्र्याची चौकट बसवायची. तिला आम्ही शिम म्हणायचो. ती गाभ्यापेक्षा केसभर बुटकी हवी, म्हणजे कूलर कललाच तर तिच्यावर टेकतो. आमच्या सगळ्यांच्या शिम रॉइस लिंडग्रेनने घासून दिलेल्या. जन्मभर गोदीत पत्रे कापले त्याने. काय हात होता त्याचा!

त्याच हाताला कंपवाताने धरलं. कूलर बसवताना त्याचे लागोपाठ दोन प्रोसेसर फुटले. आमच्यात रीत अशी, की ज्याचं मशीन त्यानेच कूलर बसवायचा. दुसऱ्याचा हात लागला की ते मशीन आपलं राहत नाही. डुएन एकदा मदतीला पुढे झाला, तर रॉइस उसळला, "अजून मेलो नाहीये मी. हो बाजूला!"

त्या शनिवारी तो नवी शिम घेऊन आला. त्याची बायको आर्लीन कॉफीचा थर्मास छातीशी धरून उभी होती. स्क्रूड्रायव्हर दोनदा सटकला. तिने डोळे मिटून घेतले. मग क्लिप खट्कन बसली आणि गाभा शाबूत!

"जिंकलास की रे म्हाताऱ्या!" डुएन ओरडला.

तापमापकाची तार रॉइसने कूलरच्या तळाला चिकटवली होती. मशीन सुरू झालं, पण आकडा वर चढेचना.

"बघा लेको, कसं गारेगार आहे!" रॉइस म्हणाला. किती दिवसांनी हसला होता तो. आम्हीही हुरळलो. एवढी थंडी आत येतेय, तर आकडा कमीच दिसणार, असं आम्ही धरून चाललो.

तेवढ्यात पडदा काळा झाला आणि जळका वास आला.

रॉइसने कूलर काढला. उष्णता कूलरला पोचावी म्हणून गाभ्यावर लावलेलं मलम जसंच्या तसं होतं, दबलंच नव्हतं. कूलर गाभ्याला टेकलाच नव्हता, शिमवरच अडला होता. उष्णता वर पोचलीच नाही, म्हणून तर तार गार राहिली.

"हात हलतो ना," रॉइस खाली बघत म्हणाला, "म्हणून शिम जराशी उंच ठेवली. या वेळी फुटू नये म्हणून."



"दुसरा प्रोसेसर घेऊ आपण," आर्लीन म्हणाली.

"नको गं. पुरे झालं."

 त्याने कोट अंगात चढवला आणि आम्हा सगळ्यांच्या देखत तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बटणं लाव," तो म्हणाला.

तिने ती एकेक करून गळ्यापर्यंत लावली, आणि तो दोन्ही हात खाली सोडून लावू देत राहिला.