अंबडच्या बाजारात हातोडी निवडताना

गिरजावहिनींना ऐकू येईनासं झालं, म्हणून आम्ही तिघं म्हातारे जालन्याहून अंबडला निघालो. कारण चमत्कारिक वाटेल, पण ऐका. माझ्या शेजारी वहिनींच्या नवऱ्याचं, किसन लोहाराचं दुकान. तापल्या लोखंडावर तो हातोडीनं टक् करून जागा दाखवी, की वहिनी तिथं घण घालीत. रिकाम्या ऐरणीवर टकटक केली की थांबत. बायकोला नावानं हाक मारायची आपल्यात रीत नाही. किसनानं जन्मभर हाक मारली ती हातोडीनंच. आता ती पोचेना. परवा घण त्याच्या बोटांलगत उतरला, आणि वहिनींनी तो कोपऱ्यात उभा केला. "आता न्हाई उचलायची मी."

मोठ्या आवाजाची हातोडी घेऊ, असं किसनानं ठरवलं.

जायचं तर सकाळच्या मोटारीनं जावं. बाजाराच्या दिवशी मागाहून जागा मिळत नाही, आणि पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडीसुद्धा रुतते. सोबत भाकरी-ठेचा असू द्यावा. खिडकीबाहेर ज्वारी डुलत होती. मला शाळेतल्या कविता आठवू लागल्या, आणि आठवल्या की मी म्हणतोच. वहिनी मान डोलवत होत्या.

"बघ, रसिक माणूस," मी म्हणालो.

"ऐकू येत न्हाई म्हणून निवांत बसलीय," किसन म्हणाला. "माझे कान धड हायेत, त्याचं काय?"

कचेरीच्या उर्दू पाटीपलीकडे हातोड्यांचं दुकान लागलं. किसन एकेक हातोडी ऐरणीवर वाजवी आणि वहिनींच्या तोंडाकडे बघे. त्या नुसत्या हसत. दुकानदार कंटाळला.

"चाचा, याच्याहून मोठा आवाज पाह्यजे तर तोफ घ्या."

किसनानं हातातली हातोडी खाली ठेवली. तेवढ्यात वहिनींनी दोन हातोड्या उचलल्या आणि दारातल्या रांजणाखालच्या चिखलावर मारून बघितल्या. सपाट तोंडाच्या हातोडीनं चिखल नुसता दबला. गोल तोंडाच्या हातोडीनं मात्र खळी पडली, भाकरीच्या पिठात बोट रुतावं तशी.

"ही घ्या. लाल लोखंडावर अशीच खळी पडंल. मला दिसंल," त्या म्हणाल्या. "अन् थांबवायचं आसंल, तर ऐरणीवर आडवी ठेवत जा."

"बराबर," किसन पुटपुटला. मग हातानं खूण करून म्हणाला, "बिलकुल बराबर."

परतीच्या मोटारीत हातोडी वहिनींच्या मांडीवर होती. मी आपणहून कविता म्हटली नाही. किसनानंच म्हणायला लावली.

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून बघितलं. लोखंडावर खळी पडली, घण नेमका तिथंच उतरला. किसनानं बोटं मागं घेतली नाहीत.

या प्रवासातलं माझ्यापाशी काय उरलं? अंबडची वाट, ज्वारी, हे सगळं आहेच. पण काम संपलं की किसन हातोडी आडवी ठेवतो ना, तेव्हा ठेवण्याआधी अजून ऐरणीवर हळूच टकटक करतो. वहिनींना ते ऐकू येत नाही. मला येतं.