बावांच्या गाडीची मोठी चाकं

वस्तू दिसायला चांगली असली की ती चांगलीच असते, यावर माझ्या बावांचा जितका विश्वास होता तितका देवावरसुद्धा कोणाचा नसेल. बावा म्हणजे माझ्या अक्काचे यजमान. आम्ही बहिणी सिरोंच्याच्या. नदी ओलांडली की पलीकडे तेलंगी मुलूख, त्यामुळे घरात मराठी बोलत असूनही थोरल्या बहिणीला अक्का आणि तिच्या नवऱ्याला बावा म्हणायची आमच्याकडे रीत. चंद्रपुरात बावांचं बिछायत केंद्र होतं, आणि आमचंही घर त्याच गल्लीत. मंडप, गाद्या, लोड, खुर्च्या, आचाऱ्याची पातेली, सगळं भाड्यानं द्यायचे. पण त्यांचा खरा जीव होता झालरीत. घरात जे काही उघडं दिसेल त्याला ते झालर लावत. कूलरला झालर, शिलाईच्या मशीनला झालर, गॅसच्या सिलिंडरला तर चक्क घेरदार परकर. एकदा मी चार दिवस बाहेर होते, तर परत येते तो माझ्या अंगणातल्या नळाला गुलाबी झालर! मी म्हटलं, "बावा, हे काय हो?" तर म्हणाले, "नागडा दिसत होता न वं सालीबाई, बरं दिसते का चारचौघांत?"

मयताच्या घरी गेले तरी त्यांचे डोळे आधी मंडपाच्या कापडाकडे जायचे. एकदा आमच्या गल्लीतले एक म्हातारे गेले. लोक डोळे पुसताहेत, आणि बावा स्टुलावर चढून पडद्याची मुडप सरळ करताहेत. कोणीतरी दटावलं, तर ते खालच्या आवाजात बोलले, "मयताचा असला म्हून काय झालं, मंडप तं मंडप व्हय ना बाप्पा!" अक्काला पाहायला ते सिरोंच्याला आले होते तेव्हाही हेच. बैठकीत सगळी वडीलधारी मंडळी, अक्का पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि नवरदेव ताडकन उठून दाराकडे निघाले. आमच्या काकांना वाटलं, झालं, मुलगी नापसंत, पळाला हा! तर बावा खुर्चीवर चढून दारावरचं तोरण बांधत होते. एका बाजूनं ते सुटून लोंबत होतं. अक्का भर बैठकीत खो खो हसली. आत येऊन आईला म्हणाली, "आई, हाच पायजे मले." पुढे जन्मभर ती त्यांना टोमणा मारायची, "माह्या आंधी यायनं तोरण पाह्यलं."

दोघांना मूलबाळ झालं नाही. त्यावर कोणी उसासे टाकलेले बावांना खपत नसे. अक्का हेच त्यांचं मूल आणि तीच त्यांची माय. अक्काचं पन्नाशीत दुखणं निघालं ते पाठीचं. मणके झिजले. आधी काठी आली, मग कमरेचा पट्टा, मग दिवसाचा बराच वेळ पडूनच. डॉक्टरांनी बजावलं की धक्का बसता कामा नये. म्हणजे एसटी बंद, जीप बंद, आणि ओघानंच सिरोंचाही बंद. तिकडे आमची आई पायांनी अधू, डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. ती काही चंद्रपूरला येणार नव्हती. अक्का रोज कशावरून तरी आईचा विषय काढायची. "एक डाव तिच्या हाताले हात लावाचा हाये मले," म्हणायची, "मंग कुठी जायाचं नाई मी." ती हे हसतच म्हणायची. मला मात्र तिथून उठून जावंसं वाटायचं.

बावांनी काय करावं? सरकारी लिलावातून एक जुनी मोठी व्हॅन उचलून आणली! ती कुटुंबनियोजनाच्या प्रचाराची गाडी होती. तिच्या अंगावरचा भला मोठा लाल त्रिकोण बावांनी रंगाचे हात देऊन देऊन झाकला, पण ऊन पडलं की तो पुन्हा अंधूक दिसायचाच. मूल नसलेल्या घरापुढे ती गाडी उभी पाहून लोक काय काय बोलायचे! बावा शांतपणे म्हणायचे, "आमी सल्ला लय मनावर घेतला, बापा." अक्का आतून एवढी हसायची की पट्टा कसून बांधावा लागायचा. मग ते त्या गाडीच्या मागे लागले. आत एक पलंग, पलंगाला कठडा, स्टोव्हसाठी ओटा, पाण्याची टाकी, छोटा पंखा, खिडक्यांना दुहेरी पडदे, आणि झालर तर विचारूच नका, आतून बाहेरून सगळीकडे. शिवाय ड्रायव्हरच्या पुढ्यात त्यांनी एक जाडजूड आरसा बसवला, नक्षीच्या चौकटीचा, गाडी हाकताना मागे पडलेली अक्का दिसावी म्हणून. आमचे हे वनखात्यात जीपवर ड्रायव्हर होते, जंगलात आयुष्य घातलेले. पण बावा त्यांनाही स्टिअरिंगला हात लावू देत नसत. अक्का असली की गाडी बावाच हाकणार.

पहिल्यांदा आम्ही गोंडपिपरीपर्यंत गेलो आणि परत आलो. मी अक्काजवळ बसले होते. गाडीची जुनी चाकं दिसायला बुटकी, टायर गुबगुबीत, गाडी डुलत डुलत जायची. अक्कानं आधी कठडा घट्ट धरून ठेवला होता. मग हळूच सोडला. आणि बघते तो काय, बाईसाहेब घोरताहेत! घरी आल्यावर बावांनी विचारलं, "कसं वाटलं?" ती डोळे चोळत म्हणाली, "झोप लागली होती मले." बावांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. एवढं मोठं बक्षीस त्यांना कोणत्याच लग्नात मिळालं नव्हतं. तिथल्या तिथे ठरलं की शिवरात्रीला सिरोंच्याला जायचं. आईला निरोप गेला.

आणि तिथेच बावांच्या डोक्यात ते चाकांचं खूळ शिरलं. बायको माहेरी निघाली, गाडी सासरवाडीच्या दारात उभी राहणार, आणि तिची चाकं अशी काळी बुटकी? ते नागपूरला गेले आणि अलॉयची मोठी चाकं बसवून आले. चांदीच्या ताटासारखी चकचकीत, उन्हात बघवत नसत. अख्खी गल्ली जमली. पण नुसत्या दिसण्यासाठी त्यांनी ती घेतली असं कोणी म्हणू नये. त्यांचं त्यामागे एक शास्त्र होतं. त्यांच्या बापाची बैलांची दमणी होती, आणि दमणीचं चाक कमरेइतकं उंच. "मोठं चाक खड्ड्यात पडत नाई, वरून जाते," ते मला समजावू लागले. "माही माय दमणीत बसून पान लावत जाये, चुना सांडत नव्हता. अक्काले आता पोटातलं पाणीसुद्धा हलनार नाई, पाहून घेजा!"

दमणी बैलाच्या चालीनं जाते आणि व्हॅन व्हॅनच्या, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, आमच्याही नाही. मडगार्डखाली जागा होती तेवढीच. मधली धातूची तबकडी मोठी केली की भोवतीचं टायर बारीक घ्यावं लागतं. खड्डा आला की तो पोटात घ्यायला जो रबराचा आणि हवेचा गुबगुबीतपणा होता, तोच काढून टाकून आम्ही तिथे चमक बसवली होती. त्यात गाडीचे स्प्रिंगचे पाटे आधीच कडक. चाचणीसाठी बल्लारपूरला जाऊन आलो तेव्हा अक्कानं माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली. मी बोलायला तोंड उघडलं तर ती म्हणाली, "त्यायले सांगू नको वं. लहान पोरासारखे खूश हायेत." तरी बावांना ती जरा अवघडल्यासारखी वाटली असावी. आता बिछायतवाल्याला अवघडण्यावर इलाज एकच माहीत, गादी! त्यांनी पलंगावर आणखी एक गादी टाकली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. कापूस स्वतः पिंजून घेतला, प्रत्येक गादीवर दुकानात स्वतः लोळून पाहिलं. शिवरात्र येईपर्यंत अक्का इतकी वर पोचली की तिचं नाक पंख्याला लागायची पाळी. ती म्हणाली, "अवो, छत तेवढं वर करा, नाईतं मी टपावरून येतो!"

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. बावा इस्त्रीच्या सदऱ्यात, शेजारी आमचे हे, मागे मी आणि अक्का. गोंडपिपरी गेली, आष्टीचा पूल गेला. पुढे जंगलाचा रस्ता लागला आणि त्या चाकांनी रस्त्यातला एकेक खडा आम्हाला मोजून दाखवला. गादी दाबली जायची आणि खालून दणका यायचाच. अक्काच्या कपाळावर घाम, ओठ दातांत. पण बावांनी आरशात पाहिलं रे पाहिलं की ती हसायची. साडीचा पदर ठीक करून, अगदी फोटोला बसल्यासारखी. आणि बावा खुशीत मान डोलवून पुन्हा रस्त्याकडे बघायचे. मला त्या आरशाचा असा राग आला की उचलून जंगलात फेकावा. आलापल्लीला चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा अक्काला पाय हलवता येईनात. बावा धावत मागे आले. ती त्यांना म्हणाली, "गाडी चांगली हाये हो. माही पाठच खराब हाये."

तिथून आम्ही परत फिरलो. सिरोंचा अजून पुष्कळ लांब होतं. आई त्या दिवशी सकाळपासून ओट्यावर येऊन बसली होती, गाडीचा आवाज आला की शेजाऱ्यांना विचारत होती, हे मला नंतर तिच्याजवळ राहणाऱ्या भावानं सांगितलं. अक्काला मी ते कधीच सांगितलं नाही.

परतल्यावर बावांचं काही ठीक नव्हतं. चूक गादीतच असणार, असं धरून ते पलंगाची मापं घेत बसले. एक दिवस असेच नव्या गादीवर लोळून मऊपणा बघत होते, आणि गाडी कोणाच्या तरी ट्रॅक्टरच्या आड येत होती. आमच्या ह्यांनी त्यांना न उठवता ती जरा पुढे घेतली, आमच्या गल्लीच्या फुटक्या फरशीवरून, चौकापर्यंत. बस, तेवढंच. अक्काच्या जागेवर बावा पहिल्यांदा पडले होते. गाडी थांबली तरी ते उतरेनात. मी जाऊन बघते तर उताणे पडलेले, कठडा धरून. म्हणाले, "सालीबाई, आलापल्लीपर्यंत हे असंच होतं?" मी होकारार्थी मान हलवली. "आन् ती आरशात हासून राह्यली होती," ते म्हणाले आणि त्या झालरी लावलेल्या गाडीत हमसून हमसून रडले.

घरात जाऊन त्यांनी अक्काला विचारलं, "काऊन सांगतलं नाई?" ती म्हणाली, "तुमी इतकं सजवलं होतं." त्याच दिवशी ती चकचकीत चाकं उतरली. जुनी बुटकी चाकं तोवर मंडपाच्या खांबांना बूड म्हणून कामाला लागली होती, आणि तो मंडप सिंदेवाहीला एका लग्नात उभा होता. बावांनी तिथे जाऊन ऐन हळदीत खांबांखाली विटा लावल्या आणि आपली चाकं सोडवून आणली. मंडप त्या लग्नात थोडा वाकडा उभा राहिला म्हणतात. बावांच्या हातून मंडप वाकडा! ज्यांनी ऐकलं त्यांना खरं वाटलं नाही.

पण तोवर आमच्याकडचा उन्हाळा पेटला, डॉक्टर नको म्हणाले. मग पावसाळा, नाल्यांवरून पाणी, रस्ता बंद. दसऱ्याला नक्की जाऊ असं ठरलं. अक्कानं आईसाठी मऊ सुती लुगडं आणवून ठेवलं. दसरा आला नाही, तिच्यासाठी तरी. भादव्यात ताप आला आणि तिसऱ्याच दिवशी ती गेली.

अस्थी सिरोंच्याच्या संगमात सोडायच्या, हे बावांनी कोणाला विचारलं नाही, सांगितलं. नाल्यांचं पाणी उतरल्यावर आम्ही निघालो. त्या दिवशी त्यांनी गाडीची किल्ली मुकाट्यानं आमच्या ह्यांच्या हातात दिली. आरसा आधीच काढून टाकला होता. मागे पलंगावर एकच गादी, तिच्यावर अस्थींचा कलश, कलशाला दोन्ही हातांनी धरून बावा. बुटक्या चाकांवर गाडी डुलत डुलत चालली. खड्डा आला की ते म्हणायचे, "सावकाश, सावकाश." आलापल्लीला आम्ही चहाला थांबलो नाही.

दारात भाऊ आईला धरून उभा होता. आई चाचपडत गाडीजवळ आली. आत हात घालून तिनं आधी पलंगाचा कठडा चाचपला, मग गादी दाबून पाहिली, मग कलशावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिली. मग तिनं विचारलं, "धक्के तं नाई लागले ना जी, माह्या पोरीले?"

बावा म्हणाले, "नाई आई. झोप लागली होती तिले."

आई तिथेच गादीच्या कडेला टेकली. बावा खाली उतरले आणि घराच्या दाराशी जाऊन उभे राहिले. दारावरचं तोरण एका बाजूनं सुटून लोंबत होतं. त्यांनी मान वर करून ते पाहिलं, आणि तसंच राहू दिलं.