न जाळलेली नारबोद

रिटायर झाल्यावर माणसानं थोडं गप्प बसावं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. बायकोनं सांगितलं होतं. पण मी गोंदियाच्या एका शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली, गोंदियाजवळच कुडव्यात घर बांधलं, आणि नोकरी संपताच अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या माझ्या गावी परत आलो ते गावाला माझी गरज आहे अशा ठाम समजुतीनं. गावाची तशी काही समजूत नव्हती. गावानं मला पारावर बसायला जागा दिली, आणि मी ती व्यासपीठ समजून वापरायला लागलो.

आमच्या गावाला एक जुना तलाव आहे. त्याचं जास्तीचं पाणी सांडव्यावरून नाल्यात पडतं. नाला म्हणजेच आमच्या गावाची शीव. तो पुढं वळसे घेत खालच्या गावाच्या बोडीत उतरतो. बोडी म्हणजे लहान तलाव. त्या खालच्या गावात माझी मोठी बहीण दिलेली आहे. मी तिला बाई म्हणतो. आई लवकर गेली, तेव्हा बाईनंच मला कडेवर घेऊन शाळेत पोचवलं आणि स्वतः बाहेरूनच परत फिरली. भाटव्यांचे, म्हणजे तिच्या यजमानांचे, गुडघे गेल्यापासून शेत तीच बघते. तिच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले शेताचे तुकडे, बोडीच्या अगदी खाली आहेत. बोडीचं पाणी मिळालं तर घरात वर्षभराचा भात, नाही तर नाही, इतका तो सरळ मामला आहे.

पण तलाव साफ करायची मोहीम काढताना बाई माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. डोक्यात मी होतो.

गावी आलो तेव्हा तलावाच्या काठावर पाण्यापेक्षा प्लास्टिक जास्त चमकत होतं. मी माणसं जमवली आणि मोबाइलवर ग्रुप काढला. आधी कचरा समजून घ्यायचा, मग कमी करायचा, असं माझं धोरण होतं. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलं की लोक मला लांबून पाहूनच रस्ता बदलत. तरी रविवारी माणसं यायची. काठावरचा, पाण्यातला कचरा पोत्यांत भरून आम्ही समाजमंदिराच्या ओट्यावर ओतायचो आणि निवडायचो. शाम्पूच्या पुड्या, फवारणीच्या औषधाच्या बाटल्या, लग्नातल्या थर्माकोलच्या ताटल्या, देवांच्या मखरांचे तुकडे. सगळ्यांत मोठा ढीग निघाला तो खर्र्याच्या पन्न्यांचा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटायचा, खर्रा तोंडात टाकायचा आणि पन्नी वाऱ्यावर सोडायची, ही आमच्याकडची रोजची रीत.

या ढिगापुढं उभं राहून मी बोलायला लागलो. बोलणं नीट उमटेना, कारण माझ्याही गालात खर्रा होता. एक शेजारीण पदर कमरेला खोचत म्हणाली, "सर, पयले तोंडातला थुका, मंग सांगा." मी थुंकलो आणि पुढं सांगितलं. त्या दिवशी मी खर्रा सोडणार असं जाहीर केलं. नंतर तो घरी, दाराआड खायला लागलो. पन्नी मात्र खिशातच ठेवायचो, याचा मला वेगळा अभिमान होता.

मोहिमेचं नाव व्हावं म्हणून मी एक फ्लेक्स करून घेतला. वर मोठ्या अक्षरांत 'तलाव वाचवा', खाली हात जोडलेला माझा फोटो. फोटोत माझे केस काळे आहेत, कारण तो केस काळे असतानाचाच फोटो आहे. बायको म्हणाली की हा फ्लेक्सही प्लास्टिकच झाला की. मी तिला जनजागृती आणि कचरा यांतला फरक समजावून दिला. तिनं ऐकून घेतलं आणि डाळीला फोडणी दिली. फ्लेक्स तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, लागला.

निवडलेल्या कचऱ्याचं पुढं काय करायचं, हे मात्र कुणी ठरवलं नव्हतं. तालुक्याहून गाडी येईल असं कळलं होतं, पण गाडी काही आली नाही. समाजमंदिरामागं पोती साचली. गाईंनी ती फाडली. वाऱ्यानं पन्न्या परत तलावाकडं निघाल्या. ग्रुपमधली माणसं मला विचारायला लागली, आणि मला उत्तर नसलं की मी आवाज वाढवतो. पोळा तोंडावर आला होता. तेव्हा मला नारबोद सुचली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याकडं नारबोद काढतात. नागपुराकडं तिला मारबत म्हणतात. माती, गवत, पळसाच्या डहाळ्या यांची ती एक बाई करायची, तिला वाजतगाजत शिवेबाहेर न्यायचं, "ढेकूण, मोंगसे, खासी, खोकला घेऊन जा गे नारबोद" असं ओरडायचं (मोंगसे म्हणजे डास), तिथं तिला पेटवायचं आणि मागं वळून न बघता घरी यायचं. गावातलं सगळं वाईट तिच्याबरोबर गेलं. मी म्हटलं, यंदाची नारबोद या कचऱ्याचीच करू. प्लास्टिक हीच आजची इडापिडा. हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते ग्रुपवर टाकलं आणि मग पारावर जाऊन तोंडीही सांगितलं.

लोकांना ते खरंच पटलं. मी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला. पोतीच्या पोती तिच्या पोटात रिचवली. एवढी जाडजूड नारबोद गावानं कधी पाहिली नव्हती. तिला नेसवायला काही पुरेना. पाळीवरचा फ्लेक्स वाऱ्यानं एका बाजूनं सुटून फडफडत होताच. तो काढला, छापील बाजू आत आणि पांढरी बाहेर करून गुंडाळला आणि पांढऱ्यावर मी स्वतः तिचे डोळे, नाक, दात रंगवले. माझा फोटो आत गेला याचं थोडं वाईट वाटलं. पण डोळे फार छान उतरले होते. हाताला अजून वळण आहे म्हणून मी खुशीत होतो.

पहाटे गाव लोटलं. नाल्यापलीकडं नारबोद उतरवली आणि एका म्हाताऱ्यानं रिवाजाप्रमाणं काडेपेटी काढली. मी आडवा आलो. प्लास्टिक जाळल्यानं विषारी धूर होतो, आपण पर्यावरणवाले लोक, आपण जाळणार नाही. म्हाताऱ्यानं विचारलं, मग हिचं काय करायचं. मी त्यावर बराच वेळ बोललो, पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. आज आठवलं तर कळतं की मला ते सुचलंच नव्हतं. शिवेपलीकडं नेलं म्हणजे गेलं, ही लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट. इतक्या दिवसांचं निवडणं, समजणं, सगळं त्या नाल्याच्या काठावर संपलं. म्हाताऱ्यानं काडेपेटी खिशात ठेवली. आम्ही सगळे पाठ फिरवून, मागं न बघता, वडे खायला घरी गेलो.

त्याच रात्री मुसळधार पाऊस आला. सकाळी नाला दुथडी भरून वाहत होता आणि नारबोदेच्या जागी फक्त चिखल होता. मी ग्रुपवर लिहिलं की नारबोद खरोखरच इडापिडा घेऊन गेली. पुष्कळ अंगठे आले.

मग पावसानं दडी मारली. पंधरवडा कोरडा गेला. आमच्या बांध्यांना तलावाचं पाणी होतं, म्हणून मी निवांत होतो. एका दुपारी बाईचा फोन आला. तिला फोनवर लांबण लावायची सवय नाही. "बाबू, धान पोटरीत आहे अन् तुडुमातून पाणी येऊनच नाही राहिलं. बोडी भरली आहे. येतोस काय?"

तुडुम म्हणजे पाळीतून शेतात पाणी सोडायची मोरी. बोडी भरलेली असून मोरीतून पाणी येत नाही, म्हणजे तिच्यात काही अडकलंय, हे लहान पोरालाही कळलं असतं. मी मात्र जाताना गाडीवर गाळाचा सिद्धांत तयार केला. तलावांवर काम करणारा माणूस म्हणून मला बोलावलंय, अशी माझी खात्री होती. बाईनं मला भाऊ म्हणून बोलावलं होतं.

पोचलो तेव्हा भाटवे काठीवर भार देऊन पाळीवर उभे होते. खालच्या बांध्यांत भेगा पडायला लागल्या होत्या. धान पोटात कणीस धरून उभा होता आणि पानं टोकाला वळायला लागली होती. या वेळी पाणी तुटलं तर कणीस पोचट निघतं. बाई त्या पानांकडं बघत होती. मी गाळाविषयी सुरू झालो. तलाव कसे उथळ होतात, गाळ कसा सरकतो. मी बोलतच होतो आणि बाई लुगडं खोचून पाण्यात उतरलीसुद्धा. छातीइतक्या पाण्यात उभं राहून तिनं तुडुमाच्या तोंडात हात घातला आणि ओढायला लागली. मग मलाही उतरावं लागलं.

आधी पन्न्या आल्या. मग कामट्यांचा एक तुकडा. मग काहीतरी पांढरं, जाड, चिखलानं माखलेलं. दोघांनी जोर लावला तेव्हा त्यावरचा एक मोठा काळा डोळा वर आला. पापणीचं ते वळण मी कुठंही ओळखलं असतं. बाईनं तो कपडा पाळीवर ओढून उलटा केला. चिखलातून मी वर आलो, काळ्या केसांचा, हात जोडलेला. डोक्यावर 'तलाव वाचवा'.

भाटव्यांनी लग्नापासून माझी कधी थट्टा केली नव्हती. त्यांनी काठी बगलेत धरली आणि फ्लेक्सला रीतसर नमस्कार केला.

बाई हसली नाही. पाणी धो धो बांधीत पडायला लागलं होतं, आणि ती बांधाबांधानं खाली धावत सुटली होती, कुठपर्यंत पोचतं ते बघायला. वरच्या बांध्या भिजल्या. खालच्यांना उशीर झाला होता. परत आली तेव्हा पाळीवर तो सगळा ढीग पडला होता, आणि मी सहज, खरंच सहज, म्हणून गेलो की हे सध्या तुमच्या शिवेबाहेर नाल्याकाठी टाकून ठेवू.

तिनं माझ्याकडं बघितलं. "नाला आमच्याही शिवेले आहे, बाबू. खाली अजून गावं आहेत. आमी कोणाच्या बहिणीकडं फेकू?"

मला रडू आलं. मोठ्या बहिणीपुढं, चिखलात, साठी उलटलेला मी रडलो. तिनं मला तोंड पुसायला पदर दिला, आणि मग ट्रॅक्टर कुणाचा मिळेल ते सांगितलं.

तो सगळा कचरा मी ट्रॉलीत भरून माझ्या अंगणात आणला. बायकोनं फाटक उघडून दिलं.  बाटल्या कबाड्यानं नेल्या. पन्न्या कुणीच नेत नाही. त्यांची पोती अजून माझ्या लिंबाखाली आहेत. सकाळी दात घासताना मला रोज ती दिसतात. खर्रा तेव्हा सुटला, या वेळी न जाहीर करता. ग्रुप अजून आहे. आता आम्ही निवडायला बसण्याआधी कुठली वस्तू कुठं जाणार ते ठरवतो, आणि जिला जागा नाही ती गावच्या दुकानात येऊच नये म्हणून दुकानदाराशी भांडतो. माझा भांडकुदळ स्वभाव तेवढा उपयोगी पडतो.

फ्लेक्स मात्र बाईनं दिला नाही. धान कापून झाल्यावर मी तिच्याकडं गेलो, तर तिनं तो धुऊन धानाच्या पुंजण्यावर, म्हणजे कापलेल्या पेंढ्यांच्या गंजीवर, पांघरला होता, छापील बाजू वर. मी म्हटलं, काढ तो, लोक हसतात. ती म्हणाली, "राहू दे. पाणी नाही गळत."

नव्या तांदळाचं गाठोडं ती मला दरवर्षी देते. यंदाचं तिनं आतून आणलं ते एका हातानं. दरवर्षी दोन हात लागायचे. खालच्या बांध्या पोचट गेल्या होत्या. घेणार नाही म्हणालो, तर तिनं ते माझ्या गाडीला बांधलंसुद्धा. निघताना मी वळून बघितलं. बाई खळ्यात पाठमोरी उभी राहून सुपानं धान पाखडत होती, आणि तिच्यामागं पुंजण्यावर फ्लेक्समधला मी हात जोडून होतो. फोटो काढताना ते हात मी कुणापुढं जोडतोय, हे मला माहीत नव्हतं.