फिनेलमध्ये बुडवलेली दुपटी

डॉक्टर मॅडमनी रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

मी म्हटलं, मी आणि मिस्टर. मग हळूच मुलीचंही सांगितलं. गेले सतरा दिवस माझी मुलगी प्रज्ञा माझ्याच घरी, माझ्याच शेजारी झोपत होती. तिला सातवा महिना लागलेला.

रिपोर्टमध्ये लिहिलं होतं पल्मनरी टीबी. म्हणजे फुफ्फुसाचा क्षय. आधी एक्स-रे झाला होता, मग स्पुटम टेस्ट, म्हणजे थुंकीची तपासणी. त्यात जंतू सापडले होते.

मी डोंबिवलीत मानपाड्याला घरीच शिवणकाम करते. दोन महिने खोकत होते. कुणी विचारलं की म्हणायची, कापडाची धूळ आहे. वजन उतरलं तेव्हा म्हटलं, बरं झालं, जुने ब्लाउज बसतील. दुसऱ्यांना शहाणपण शिकवायला माझ्याकडे ढिगाने आहे, स्वतःसाठी चिमूटभर नव्हतं. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी दोन आठवड्यांच्या वर खोकला चालला असेल तर त्याला धुळीचं कारण देऊ देऊ नका. थुंकी तपासून घ्या.

मॅडमनी सगळं नीट सांगितलं. सहा महिने रोज गोळ्या. घरात मास्क, खिडक्या उघड्या. हा आजार खोकल्यातून, हवेतून पसरतो, औषध लागू पडलं की साधारण दोन आठवड्यांत पसरण्याचा धोका खूप कमी होतो. मिस्टरांची तपासणी होईल. प्रज्ञाला खोकला-ताप नाही, तरी तिची रक्ततपासणी करू.

"आणि बाळाला?" मी विचारलं.

"आधी मुलीचा रिपोर्ट येऊ दे," त्या म्हणाल्या.

बाळाला काही होणार नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. पुढचा सगळा महिना माझ्या कानात त्यांनी न म्हटलेलं तेवढंच वाजत राहिलं.

त्याच दुपारी जावई येऊन प्रज्ञाला आंबिवलीला, सासरी घेऊन गेले. मी स्वयंपाकघराचं दार आतून लावून बसले होते. ती बाहेरून म्हणाली, "आई, येते गं." मी तोंडावर पदर दाबून नुसतं हूं केलं. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून आलेली पोर मी अशी पाठवली. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. बाळंतपण आम्ही इथेच करू, ताई, तुम्ही आधी बऱ्या व्हा, म्हणाल्या. किती चांगल्या बोलल्या. मला मात्र ते कानफटात मारल्यासारखं लागलं.

मग माझं लक्ष गाठोड्याकडे गेलं.

प्रज्ञा असतानाच मी बाळाचे कपडे करून ठेवले होते. सहा दुपटी, चार झबली, लोकरीची दोन टोपडी. बाळाला पहिल्यांदा गुंडाळायचं ते घरातल्या माणसाच्या जुन्या, मऊ झालेल्या कापडात. म्हणून दुपटी माझ्या आईच्या पांढऱ्या साडीची केली होती. दर चौदा एप्रिलला, जयंतीच्या मिरवणुकीत आई तीच नेसायची. आई गेली, साडी माझ्याकडे राहिली.

आणि माझी सवय अशी, की दोरा दातानं तोडायचा आणि टोक ओठात ओलं करून सुईत ओवायचं. पस्तीस वर्षं असंच शिवलं. म्हणजे त्या गाठोड्यातला एकूण एक टाका माझ्या तोंडाला लागलेला. हे सुचलं आणि मी उठलेच.

मी बादली घेतली, फिनेलची अख्खी बाटली ओतली आणि सगळं त्यात बुडवलं. जंतू मारायला आमच्या घरात तेवढंच होतं.

आठव्या दिवशी दवाखान्यात गेले तेव्हा हे मी मॅडमना जरा कौतुकानंच सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"कपड्यातून टीबी पसरत नाही, ताई. साबणानं धुऊन उन्हात टाकलं असतं तरी पुष्कळ होतं. आता मात्र ते बाळाला घालू नका. फिनेल नाजूक कातडीला लागेल."

पाच वेळा धुतलं तरी वास गेला नाही. जो कपडा निर्धोक होता तो मी माझ्या हातानं विषारी केला होता. आईच्या साडीचा पदराकडचा एक तुकडा तेवढा कपाटात उरला होता. त्यात एकच दुपटं निघणार होतं.

तेव्हापासून तो महिना मी शिवत, विणत आणि पेरत काढला. हौस म्हणून नाही. हात रिकामे राहिले की मी बाळाच्या फुफ्फुसांचा विचार करायला लागायची.

कात्री नाडीला बांधून गळ्यात अडकवली. तरी दर दहा मिनिटांनी दोरा तोंडाकडे जायचा आणि मास्कला अडायचा. मास्क हवेसाठी दिला होता, माझ्या बाबतीत तो दोऱ्यासाठीही कामी आला. खिडकी कायम उघडी ठेवायची होती, म्हणून ग्रिलमध्ये रंगाचे जुने डबे ठेवून मेथी आणि अळीव पेरले. बाळंतिणीला दोन्ही लागतात. अळीव तिसऱ्या दिवशी उगवला. मिस्टर म्हणाले, "आता एक बैल आणतो, ग्रिलमध्ये बांध." त्यांचा रिपोर्ट चांगला आला होता, म्हणून थट्टा सुचत होती.

मला सुचत नव्हती. गोळ्यांनी सकाळी मळमळायचं. लघवी केशरी झाली तेव्हा रक्त पडतंय असं वाटून मी मोरीतच बसले. औषधाचा रंग उतरतो हे मॅडमनी आधी सांगितलेलं, पण भीतीपुढे काही आठवत नाही. तुम्हाला गोळ्या सुरू झाल्या तर हे कागदावर लिहून ठेवा.

प्रज्ञाचा रिपोर्ट यायचा होता त्या दिवशी मी झबल्याचा गळा शिवून बंद करून टाकला. उसवला, पुन्हा तसाच शिवला. दुपारी फोन वाजला.

"आई, निगेटिव्ह आहे. ऐकतेस ना?"

ऐकत होते. झबल्याचा गळा तिसऱ्यांदा उसवत होते. नंतर मॅडम म्हणाल्या, चांगलं आहे, पण काही आठवड्यांनी पुन्हा एकदा तपासू, कारण लागण कधी उशिरा दिसते. म्हणजे भीती गेली नाही, तिला फक्त थोडं लांब बसवलं.

महिना झाला. वजन दोन किलो वाढलं, खोकला उतरला. मॅडमनी मुलीला भेटायला परवानगी दिली. मास्क लावून, खिडकी उघडी ठेवून, थोडा वेळ.

आंबिवलीला पोचले तर विहीणबाईंनी सगळ्या खिडक्या आधीच उघडून ठेवल्या होत्या आणि माझी खुर्ची वाऱ्यात मांडली होती. मनात धरलेलं सगळं तिथेच विरघळलं. प्रज्ञा समोर पलंगावर बसली. पोट केवढं पुढे आलं होतं. तिनं नवं गाठोडं सोडलं, झबलं नाकाला लावलं आणि हसली.

"फिनेल नाही ना गं?"

मग पांढरं दुपटं उलगडलं. हात फिरवता फिरवता तिला कडेला लोंबणारा दोरा दिसला. मी शरमले. पस्तीस वर्षांत असं अर्धवट काम कुणाला दिलं नव्हतं. सवयीनं गळ्याकडे हात नेला, तर कात्री घरीच राहिलेली. म्हटलं, थांब, कात्री माग. दाताला लावू नकोस.

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. दुपटं ओठांपाशी नेलं आणि दोरा दातानं कट्कन तोडला, अगदी मी तोडायची तसा.

अजून पाच महिन्यांच्या गोळ्या आहेत, तिची दुसरी तपासणी आहे, बाळ यायचं आहे. मी घाबरलेलीच आहे. पण त्या मॅडमचे, विहीणबाईंचे आणि माझ्या लेकीचे उपकार मी कुठे ठेवू मला कळत नाही. त्या दिवशी मी मास्कच्या आत रडत होते, आणि प्रज्ञा ते दुपटं चौघडी करून बाळंतपणाला दवाखान्यात न्यायच्या बॅगेत सगळ्यात वर ठेवत होती.