सकाळचं बोट

कोलमन मॅनियनने अर्धं आयुष्य आयर्लंडमधल्या गॉलवेहून सहलीच्या बस हाकण्यात घालवलं, तरी माणसांबद्दलचं त्याचं कुतूहल काही गेलं नाही. कोण कुठलं, घरी न्याहारीला काय खातात, मेंढ्या पाळतात का, सगळं त्याला हवं असायचं. त्या शनिवारी त्याला सवाई भेटली. इंग्रजी शिकायला आलेल्या विद्यार्थ्यांची सहल निघाली होती आणि पुढच्या सीटवर ब्राझीलची ताइनारा बसली होती. दगडी बांधांचा अरुंद रस्ता लागेपर्यंत तिने त्याचं वय, बायकोचं नाव आणि गुडघ्याचं दुखणं काढून घेतलं.

“आणि तुम्ही सारखं वर काय दाखवता? पाऊस येतोय?”

कोलमनला हसू फुटलं. समोरून गाडी आली की त्याची तर्जनी स्टिअरिंगवरून आपोआप उठायची.

“अगं, तो नमस्कार! ओळखीचा असो-नसो, बोट उचलायचं. समोरचाही उचलतो.”

“एकच बोट?”

“एक पुरे. अख्खा हात वर केला तर लोकांना वाटतं ब्रेक गेले.”

झालं, पोरीला खेळच सापडला. पोस्टमन, दुधाचा टँकर, पाद्रीबाबांची छोटी गाडी, जो येईल त्याला ती बोट उचलायची. परत बोट आलं की टाळ्या.

आमच्या माम खोऱ्यात शिरल्यावर वळणावरून एक लाल ट्रॅक्टर आला. कोलमनचं बोट हललं नाही. मान ताठ, नजर रस्त्यावर. ताइनाराचं बोट मात्र केव्हाच वर गेलं होतं. ट्रॅक्टरवाला क्षणभर बघत राहिला आणि मग त्याचंही बोट उठलं. बस बांधाला घासता घासता वाचली.

“यांना का नाही केलंत?”

“दिसला नाही.”

“एवढा लाल ट्रॅक्टर दिसला नाही?”

“गप बस गं जरा!”

ती गप्प बसली. ते मात्र त्यालाच सोसेना. “माझा भाऊ आहे तो,” तो पुटपुटला. “फेस्टी. बोलत नाही आम्ही.”

आमच्या खोऱ्यात हे लहान पोरालाही ठाऊक आहे. आईला पुरायच्या दिवशी बदली चालक मिळेना म्हणून कोलमनने सकाळची फेरी केली आणि नेमकी वाटेत बस बंद पडली. फेस्टीने थोडा वेळ वाट पाहिली, मग कोलमनच्या जागी शेजाऱ्याचा खांदा लावून शवपेटी उचलली. कोलमन धापा टाकत पोचला तेव्हा घरात नुसत्या खुर्च्या होत्या. “आईपेक्षा तुला परकी माणसं मोठी,” एक म्हणाला. “दोन घटका थांबला असतास तर काय बिघडलं असतं?” दुसरा म्हणाला. तेवढ्यावर वर्षानुवर्षं तोंडं फिरवली. मला विचाराल तर दोघांच्याही कानाखाली एकेक वाजवायला हवी होती.

तळ्याकाठी बस थांबली. पोरं फोटो काढायला पांगली. कोलमन नेहमी त्यांच्यात मिसळायचा, आज थर्मासमधला चहा हातात घेऊन नुसता उभा होता. शेवटी त्याने ताइनाराला बाजूला घेतलं.

“त्याने कोणाकडे बघून उचललं गं? तुझ्याकडे की माझ्याकडे?”

“आधी माझ्याकडे बघितलं. मग तुमच्याकडे. मग बोट.”

“मग बोट? नक्की?”

“त्यांनाच विचारा की.”

“वेड लागलंय का तुला!”

पण परतताना हमरस्त्याचा फाटा आला आणि कोलमनने बस सकाळच्याच रस्त्याला घातली. “तिकडे खोदकाम चाललंय,” तो मोठ्याने म्हणाला. कसलं खोदकाम नि कसलं काय! मग हळूच ताइनाराला म्हणाला, “आता तू बोट उचलायचं नाहीस, कळलं?”

ती दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली.

फेस्टीच्या फाटकापाशी तोच ट्रॅक्टर तोंड इकडे करून उभा होता. फेस्टी वर बसलेला. बस दिसताच त्याने इंजिन सुरू केलं आणि हळूहळू पुढे आला. कोलमनने ठरवलं होतं, आपण काही करायचं नाही, तो काय करतो ते बघायचं. पण फेस्टीचे हात जागचे हलेनात. अंतर सरत चाललं. हा गेला तर गेलाच, या विचाराने कोलमनचं बोट उठलं.

फेस्टीने बोट उचललं नाही. त्याने ब्रेक दाबला. खिडकीला खिडकी लागली, काचा खाली आल्या.

“हवा ओली आहे,” फेस्टी म्हणाला.

“ओलीच आहे,” कोलमन म्हणाला.



“सकाळी बोट कोणाचं होतं?” फेस्टीने विचारलं. “दिवसभर डोक्यात तोच भुंगा आहे माझ्या.”

“तुमचं म्हणा,” ताइनारा कुजबुजली.

“सकाळचं या पोरीचं होतं,” कोलमन म्हणाला. “आत्ताचं माझं.”

फेस्टीने रस्ता मोकळा करायला ट्रॅक्टर मागे घातला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, “पोरांना सोडून ये. चहा ठेवतो. कितीही उशीर होऊ दे, या वेळी थांबेन.”