दम बेचाळीस

रोह्याची हफ्सा आठवडाभर पेणच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची आणि रविवारी वही घेऊन फुटबॉलचे सामने बघायला जायची.

हा नाद भाऊ फैजलमुळे लागला. कुवेतला जाताना तो फुटबॉलच्या गेमसकट जुना कॉम्प्युटर घरी ठेवून गेला. तिथे गेल्यावर एकदा फोनवर म्हणाला, "परक्या खेळाडूंशी खेळून कंटाळा आलाय. आपली पोरं टाक ना त्यात." हफ्साने आठ गावांचे संघ टाकले. नावं, जर्सीचे रंग, आणि प्रत्येकाला वेग, पास, दम यांचे शंभरपैकी आकडे. आधी अंदाजाने सगळ्यांना ऐंशीच्या घरात ठेवलं, तर जो तो विश्वचषकात असल्यासारखा पळायला लागला. मग ती मैदानावर जाऊन बसू लागली. गेमचा वेग तिने दोन घरं खाली आणला. पास चुकण्याचं प्रमाण वाढवलं, कारण सामने होतात त्या पेणच्या मैदानावर चेंडू सरळ जातच नाही. तिने पाठवलेली फाइल बघून फैजल इतका खूश झाला की तिला न विचारता त्याने ती खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. महिन्याभरात जिते, जोहे, हमरापूर सगळीकडे पोरं स्वतःलाच घेऊन खेळू लागली.

जित्याचा हिरामण हा डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. वय बत्तीस, कंपनीत शिफ्टची नोकरी, संघातला सगळ्यात जुना. त्याला हफ्साने टॅकलला अठ्ठ्याहत्तर दिले होते. दमाला बेचाळीस.

मार्चमध्ये कंपनीच्या तपासणीसाठी तो लॅबमध्ये आला. रक्त हफ्सानेच काढलं. हिमोग्लोबिन नऊ निघालं, म्हणजे बरंच कमी. त्याच रविवारी दुसऱ्या हाफमध्ये समोरच्या संघाने प्रत्येक चेंडू त्याच्याच बाजूने आणला आणि दोन गोल मारले. "गेममध्ये बघूनच आलोय आम्ही," त्यातला एकजण जाताना म्हणाला.

सोमवारी हिरामण लॅबच्या काउंटरवर उभा राहिला.

"माझा रिपोर्ट तुम्ही गेममध्ये घातलात."

"नाही घातला."

"मग बेचाळीस कुठून आलं? लॅबच्या मॅडमकडं तक्रार करतो तुमची."

हफ्साने पर्समधून वही काढून त्याच्यापुढे ठेवली. बारा जानेवारीचं पान होतं. 'हिरामण. दुसऱ्या हाफला दहाव्या मिनिटापासून कमरेवर हात. ओठ पांढरे. थ्रोला मुद्दाम वेळ काढतो. दम ४२.'

त्याने ते दोनदा वाचलं.

"म्हंजे जानेवारीतच दिसत व्हतं?"

"हो."

"तुम्ही रक्तातलं काम करता. ओठ पांढरे हे तुम्हाला कळत नाय?"

"कळतं."

"मग सांगितलंत का नाय? वहीत लिवलंत."

मागे दोन पेशंट खोळंबले होते. हिरामणने वही मिटून परत दिली आणि तक्रार न करता निघून गेला.

औषधं चालू असताना हिरामण पुन्हा रक्त द्यायला आला, तेव्हा पुढचं तिला सोबत आलेल्या त्याच्या बायकोकडून, रंभाकडून समजलं. मूळव्याध. दोन वर्षं रक्त जात होतं आणि लाजेपायी त्याने घरातही सांगितलं नव्हतं. "माझ्याशी बोलला नाय गो हा," रंभा म्हणाली, "त्या बेचाळीसपायी डॉक्टरकडं गेला." हिरामण खिडकीकडे बघत बसला. हफ्साने सुई लावली, कापूस दाबला आणि शांतपणे म्हणाली, "चुकलं माझं, हिरामणभाऊ. तेव्हाच सांगायला हवं होतं." त्याने हात कोपरात मिटून धरला.

दिवाळीनंतर तो पुन्हा खेळू लागला. शेवटपर्यंत पळाला असं नाही, पण कमरेवर हात गेला नाही. हफ्साने दमाला एकसष्ट दिले. नवी फाइल ग्रुपवर टाकायची नाही, हे तिने फैजलला ठामपणे सांगितलं. तो आठ दिवस रुसला आणि मग एकटाच खेळू लागला.

एक सवय मात्र बदलली. हाफटाइमला ती आता उठून खेळाडूंजवळ जाते. परवा हमरापूरच्या प्रवीणला म्हणाली, "उजवा गुडघा वाचवून पळतोस. दाखवून घे."

"तुम्ही डॉक्टर हाय का?" तो चिडून म्हणाला.

"नाही," हफ्सा म्हणाली, आणि मैदानाकडेच्या पायरीवर आपल्या जागी जाऊन बसली. दुसरा हाफ सुरू झाला होता.