सुवर्णाचं नववं मत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि संकष्टीला चोरून खाल्लेल्या आम्लेटचीसुद्धा जिला खबर आहे त्या मैत्रिणीलाही नाही. आता तुम्हाला सांगते आहे. नाट लागू नये म्हणून मध्ये थांबणार नाही — म्हणजे तसा प्रयत्न करीन.

गोष्ट तशी लहान आहे. निदान इतकी वर्षं मी स्वतःला हेच बजावत आले — कॉलेजातली आहे, विद्यार्थी मंडळाच्या एका बैठकीतली आहे, त्यात कुणाचं काय बिघडलं? पण कुणाचंच बिघडलं नव्हतं, तर मी ती कुणालाच का सांगितली नाही?

मी तेव्हा कोल्हापुरात शेवटच्या वर्षाला होते आणि मंडळाची सचिव होते. कसबा बावड्याहून सायकल हाणत यायचे ते अशा थाटात, की कॉलेज माझ्यावाचून उघडणारच नाही. मंडळाच्या नियमांची एकच प्रत होती. टाइप केलेली, पिवळी पडलेली, टाचणीला गंज चढलेला. ती सचिवाच्या फाइलीत राहायची आणि फाइल माझ्या पिशवीत. कुणाला शंका आली की मला विचारायचं, मी सांगायचं, संपलं. ती पानं स्वतः उघडून बघावीत असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. मला हे फार आवडायचं. लिहिताना लाज वाटते, पण आवडायचं.

सुवर्णा सहसचिव होती. चंदगडकडची, मुलींच्या वसतिगृहात राहणारी, माझ्याइतकीच रीतसर निवडून आलेली. पण आमच्याकडे सहसचिवानं हजेरी लिहायची, चहा सांगायचा आणि कोपऱ्यात बसायचं, अशी जुनी रीत पडली होती. ती रीत मला पुढे चांगलीच कामाला आली.

त्या बैठकीत वसतिगृह समितीचा प्रमुख नेमायचा होता. वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी सहाला बंद व्हायचं आणि वाचनालय आठपर्यंत उघडं. म्हणजे तिथल्या मुलींना वाचनालय असून नसल्यासारखं. फाटक आठपर्यंत उघडं ठेवा, हे प्राचार्यांपुढे मांडायचं ते समितीच्या प्रमुखानं. मुलींनी आपल्यातल्या रेखाचं नाव दिलं होतं. आमच्या अध्यक्षानं, संग्रामनं, आपल्या चुलत बहिणीचं. ती राजारामपुरीत घरी राहायची, वसतिगृहाची पायरीही तिनं चढलेली नव्हती.

आणि मी? मला वार्षिक अंकाची संपादक व्हायचं होतं. ती नेमणूक अध्यक्षाच्या हातात. बैठकीआधी कॅन्टीनमध्ये कटवडा खाता खाता संग्राम एवढंच म्हणाला होता, की अंक तुझ्याच हातात शोभंल. पुढचं न सांगता कळण्याइतकी मी हुशार होतेच.

हात वर करून मतं घ्यायची. सात वर्गप्रतिनिधी आणि मी. अध्यक्षाचं मत फक्त बरोबरी झाली तरच. मी हात मोजायला उठले तेव्हा कोपऱ्यातून सुवर्णानं हळूच विचारलं, "माधुरी, मलाबी मत हाय न्हवं?"

होतं. सातव्या कलमात लिहिलेलं होतं — अध्यक्ष सोडून सर्व पदाधिकाऱ्यांना. आदल्याच दिवशी मी ते वाचलं होतं. ती रेखालाच मत देणार, हेही मला माहीत होतं.

मी फाइल उघडली. पान उलटलं. त्या ओळीवर बोट ठेवलं — हो, बोटसुद्धा ठेवलं — आणि म्हणाले, "नाही गं, सहसचिवाला नसतं."

तिनं अर्धा उचललेला हात खाली घेतला आणि सरळ हजेरीच्या वहीवर ठेवला. मला तो हात अजून दिसतो. चार विरुद्ध चार. माझा हात संग्रामच्या बाजूला. मग त्याचं निर्णायक मत, टाळ्या, चहा. चहा सुवर्णानंच आणला.

फाटक वर्षभर सहालाच लागत राहिलं. बहीणबाई एकदाही प्राचार्यांकडे गेल्या नाहीत. वसतिगृहातल्या मुली सुवर्णावर उखडल्या, तू गप्प का बसलीस म्हणून, तेव्हा ती माझ्या देखत त्यांच्यावरच खेकसली, "नियमातच न्हाय, तर माधुरी तरी काय करंल? ती वाचून सांगत्या, मनाचं न्हाय."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. त्यानंतर वर्षभर एकाही बैठकीत तिनं हात वर केला नाही. आणि मी अंक काढला, छान निघाला. मंडळ सोडताना फाइल पुढच्या सचिवाला दिली, त्याआधी सातव्या कलमाचं पान टाचणीतून काढून घेतलं. ते आजही माझ्याकडे आहे.

आता मी दुसऱ्या एका कॉलेजात शिकवते आणि, नशिबाची थट्टा बघा, विद्यार्थी मंडळ माझ्याकडेच आहे. यंदाच्या पहिल्या बैठकीत नेसरीहून आलेली नवी सहसचिव उठली आणि म्हणाली, "मॅडम, मला मत हाय का?"  मी नियमांच्या प्रती काढून प्रत्येकाच्या हातात दिल्या आणि तिला म्हटलं, तूच वाच, मोठ्यानं. तिनं अडखळत वाचलं, मान वर केली आणि त्याच बैठकीत माझ्या सूचनेविरुद्ध हात वर केला. माझी सूचना एका मतानं पडली. इतकं हरून इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आता प्रत्येक बैठकीला पोरं प्रत घेऊन येतात आणि मलाच कलमं दाखवतात. दाखवू देत.

गेल्या महिन्यात स्टँडवर चंदगडच्या गाडीपाशी सुवर्णा भेटली. लेकीला माझी ओळख करून देत म्हणाली, "ही माधुरीमावशी. हिचं समदं नियमानं असायचं बघ." मी हसले. गाडी सुटली. पत्ता मात्र मी मागून घेतला होता.

हे लिहिलेलं उद्या त्या पत्त्यावर टाकते आहे, सोबत ते पान. सुवर्णा, सातवं कलम वाच. मत तुला होतं, आणि मला ते माहीत होतं.